पाच पावत्या आणि एक वजनकाटा

साल एकोणीसशे ब्याऐंशी, महिना मार्च. तारीखही सांगितली असती, पण मग तुम्ही म्हणाल, या बाईंना काय सगळंच आठवतं. आठवतं. विसरण्याचा प्रयत्न मी पुष्कळ केला, पण ज्या गोष्टीवर आपली सही असते ती विसरता येत नाही.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि नगरपालिकेच्या वाचनालयात सहायक ग्रंथपाल होते. एके दिवशी वाचनालयात एक पातळ पुस्तिका आली. ‘शहरातील बालकांचे आरोग्य व सुरक्षा : खर्चाचा गोषवारा’. आलेलं पुस्तक कुठल्या कपाटात जायचं ते मी ठरवायचे. ही आरोग्यात ठेवावी की अर्थशास्त्रात, या विचारात मी ती चाळायला घेतली आणि पाचव्या पानापर्यंत माझी खात्री झाली की तिची जागा कथा-कादंबऱ्यांत आहे. एकतीस बाबी होत्या. बाब क्रमांक एक : पाच बालकेंद्रांना प्रत्येकी एक वजनकाटा. बाब क्रमांक दोन : शाळांपुढचे लोखंडी कठडे. पुढे औषधपेट्या, बागेतल्या घसरगुंडीखालची वाळू, आगीच्या बादल्या. शेजारी खर्चाचे आकडे, शेवटी बेरीज. बेरीज बरोबर होती. तेवढंच काय ते.

हा खर्च नागरिकांनी तपासावा असा कुठूनसा वरून हुकूम आला होता, म्हणून सभा भरली. मी कोपऱ्यात बसून स्वेटर विणत होते. मला नुसतं बसवत नाही, हाताला काहीतरी चाळा लागतो. सुईवरचे टाके मोजता मोजता माझ्या तोंडून निघून गेलं, “या वस्तू कुणी पाहिल्यात का?”

सभेत प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. पाच मिनिटांत मी तपासणी समितीची चिटणीस झाले. समितीत पाच जण होते. चौघे पहिल्या चहानंतर मला कधी दिसले नाहीत.

मी बाब क्रमांक एकपासून सुरुवात केली. प्रत्येक केंद्रात आठवड्यातून एकदा बाळांची वजनं होत, दर केंद्राचा वार वेगळा. मी जेवणाच्या सुट्टीत त्या त्या वारी धापा टाकत जाऊन काटा पाहून यायचे. टेबलावर ठेवायचा काटा, वर पत्र्याचं ताट, पुढे सरकतं वजन. सोमवारी पाहिला, छान. मंगळवारी पाहिला, छान. बुधवारी मात्र माझं लक्ष ताटाच्या कोपऱ्याकडे गेलं. बाळाला पत्रा लागू नये म्हणून तिथे चिकटपट्टी लावली होती. सोमवारीही होती. गुरुवारीही दिसली. सोमवारी पांढरी असलेली ती पट्टी शुक्रवारपर्यंत मळत मळत करडी झाली.

मला घरी चैन पडेना. मी या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून गॅलरीत.

“अगं, पाच केंद्रांत पाच काटे पाहिलेस ना? मग झालं,” आमचे हे पेपरातून म्हणाले.

“अहो, पाच वेळा पाहिला. पाच पाहिले की नाही ते मला माहीत नाही.”

“यात फरक काय?”

यात काय फरक आहे हे वाचनालयात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला विचारू नये. आमच्या शाखा वर्षअखेरीच्या मोजणीत एकमेकींची पुस्तकं उसनी आणून कपाटं भरत. आज उत्तरेच्या शाखेत मोजलेला ज्ञानकोश उद्या दक्षिणेच्या शाखेत तुमच्याकडे ओळखीचं हसतो. त्यावर आमच्याकडे एकच उपाय होता. सगळ्या शाखांची पुस्तकं एकाच दिवशी एकाच टेबलावर मागवायची. तोच उपाय मी काट्यांना लावला. पाचही केंद्रांना पत्र धाडलं : रविवारी सकाळी दहा वाजता आपापला वजनकाटा तपासणीसाठी खालील पत्त्यावर आणावा.

खालचा पत्ता आमच्या घराचा होता. आमच्या वरिष्ठांनी वाचनालय द्यायला साफ नकार दिला. “इथे फक्त पुस्तकं मोजतात,” म्हणाले. आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. पण पाच काटे मावायला कितीशी जागा लागते?

आता माझी चूक सांगते. उगाच दुसऱ्यावर ढकलणार नाही, निदान पूर्ण नाही. वाचनालयात अशा दिवशी गर्दी उसळते, म्हणून आम्ही पावत्या आदल्या दिवशीच लिहून, सही-शिक्का करून तयार ठेवायचो. तशा मी पाच पावत्या लिहिल्या. ‘केंद्र क्रमांक अमुक यांचा एक वजनकाटा मिळाला.’ खाली माझी सही. माझी सही सुंदर आहे. त्या काळी तर फारच सुंदर होती.

रविवारी साडेनऊला वाचनालयाचा पहारेकरी धावत आला. मोठ्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली होती आणि वरिष्ठ कपाटापुढे उभे होते. मी पावत्या ह्यांच्या हातात दिल्या. “काटा आला की पावती द्यायची. काटा आल्याशिवाय द्यायची नाही. समजलं?” हे बँकेत होते. त्यांना राग आला. “मला शिकवतेस?” म्हणाले.

साडेबाराला परतले, तर हे दारातच, चेहरा फुललेला.

“आले! पाचही आले!”

“कुठे आहेत?”

“आत, टेबलावर.”

आत टेबलावर एक काटा होता. कोपऱ्यात करडी चिकटपट्टी.

“अहो, बाकीचे चार?”

ह्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. मग पलंगाखाली पाहिलं. मग खिशातून चष्मा काढून पुसला. चष्म्याची काच बशीइतकी जाड होती, पण ती नाकावर असेल तर उपयोग.

“असं बघ,” ते हळूहळू म्हणाले, “एक शिपाई आला. फार सभ्य माणूस. पहिल्या केंद्राचा काटा दाखवला, मी पावती दिली. तो म्हणाला, काका, हा खालीच गाडीत ठेवतो, पाचही झाले की एकदम वर आणतो, तुमची अडचण नको. मग दुसऱ्या केंद्राचा घेऊन आला. पाचव्यानंतर म्हणाला, सगळे टेबलावर ठेवलेत.”

“तुम्हाला तो तोच वाटला नाही?”

“अगं, काटे काट्यांसारखेच दिसणार.”

“आणि पाच वेळा त्याला चहा पाजलात?”

“तीनच वेळा. नंतर तो नको म्हणाला.”

मी खाली बसले आणि लगेच उठले. कागदावर आता पाच काटे माझ्याकडे होते. जे चार काटे जन्मालाच आले नव्हते, ते मी सही करून सांभाळायला घेतले होते.

सोमवारी सकाळी आठ वाजता दार वाजलं. पहिल्या केंद्राची नर्स उभी. “ताई, काटा द्या ना. आज आमची वजनं.”

मी म्हटलं, मोजणीचा घोळ मिटेपर्यंत वस्तू जागची हलवता येणार नाही. नियम.

“मग बाळं इथे आणू?”

“आणा,” मी म्हणाले. रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो. मला वाटलं, ती हिरमुसून परत जाईल. ती जिन्याच्या कठड्यावरून वाकली आणि खाली ओरडली, “चला गं वर!”

बावीस आया, बावीस बाळं. मंगळवारी दुसऱ्या केंद्राची नर्स आणि एकोणीस बाळं. बुधवारी तिसऱ्या केंद्राची. पाच वार, पाच नर्सा, आमचं जेवणाचं टेबल एक. आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर ताटं ठेवून उभ्याने जेवायला लागलो. टेबलावर दुपटी, खाली दुपटी, गॅलरीत दुपटी. मी मोजणीसाठी जी वही केली होती तिच्यात मुकाट्याने बाळांची नावं आणि वजनं उतरवू लागले. रिकामं बसायचं म्हटलं असतं तरी बसायला जागा कुठे होती? वाचनालयात मी रोज तासभर उशिरा पोचायचे. अठ्ठावीस वर्षांत पहिला लेट मार्क मला बाब क्रमांक एकने दिला.

खालच्या मजल्यावर एक विमा-एजंट राहत. सगळी इमारत त्यांना विमावाले म्हणे. ते जिन्यातली गर्दी ओलांडत वर आले.

“वहिनी, सही तुमचीच आहे ना?”

“माझीच.”

“मग सोपं आहे. चार काटे विकत घ्या, ठेवून द्या, प्रकरण मिटवा. आणि घेतलेत की विमा उतरवा, चोरीचा वेगळा आणि आगीचा वेगळा. मी फॉर्म आणलेत.”

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी सल्ला दिला की मी आजारी पडावं. “महिनाभर झोपून राहा. आजारी बाईला कुणी काही विचारत नाही.” माझ्या नणंदेने फोनवरून सांगितलं की तिच्या दिराला असंच एकदा झालं होतं, तर त्याने शहरच सोडलं. यात मला धीर देण्यासारखं काय होतं ते तिने सांगितलं नाही.

एकटे हेच मजेत होते. पहिल्या दिवशी अपराधी चेहऱ्याने एक बाळ धरायला पुढे झाले, ते दुसऱ्या आठवड्यात बँकेत अर्धी रजा टाकून सकाळभर घरी. रडणारं बाळ ह्यांच्या हातात गेलं की गप्प व्हायचं. त्यांचं हे कौशल्य आमच्या स्वतःच्या मुलांच्या वेळी कुठे गेलं होतं, असं मी विचारलं, तेव्हा त्यांना अचानक दाढी करायची आठवण झाली.

तिसऱ्या सोमवारी नोटीस आली. ‘आपल्या ताब्यातील पाच वजनकाटे दहा दिवसांत जमा करावेत, अन्यथा त्यांची किंमत आपल्या वेतनातून वसूल करण्यात येईल.’ मी तशीच आरोग्य खात्यात गेले. भांडाराच्या खिडकीत एक कारकून कान कोरत बसला होता.

“माझ्याकडे एकच काटा आहे,” मी म्हणाले.

“पावत्या पाच आहेत.”

“काटा एकच आला.”

“सही कुणाची?”

“माझी.”

“मग अडचण काय आहे?”

“अहो, पण ते काटे नाहीतच!”

त्याने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. “नसते, तर तुम्ही सही कशी केली असती?” तो अगदी सौम्यपणे म्हणाला. डॉक्टर पेशंटशी बोलतो तसा. परत येताना मी तीन बसथांबे चालत आले. बसमध्ये बसून राहणं मला शक्यच नव्हतं.

खरा धक्का बसला तो बुधवारी. तिसऱ्या केंद्राच्या नर्सला सगळे मोठ्या बाई म्हणत. आवाज ठसठशीत, केस पांढरे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान होतं, त्या शिंप्याची सात महिन्यांची नात त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्याकडे आली. आजोबांनीच आणली होती. मोठ्या बाईंनी तिला ताटात ठेवलं आणि वजन सरकवलं. आणखी मागे सरकवलं. आणखी मागे.

“चार किलो नऊशे,” मी वहीत लिहिलं.

“काटा बिघडलाय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “कार्डावर गेल्या महिन्याचं साडेसहा आहे.”

मी स्वयंपाकघरातून साखरेच्या एक-एक किलोच्या दोन पुड्या आणून ताटात ठेवल्या. काट्याने बरोबर दोन किलो दाखवलं. शिंपी आमच्या तोंडाकडे बघत होता. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या आणि कार्ड उलटसुलट करू लागल्या.

“ताई,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “काटा एकच. सोमवार, मंगळवार ठीक असतं. बुधवारी कधी शिपायाची सायकल पंक्चर, कधी त्याला साहेबांचं काम. चार महिने माझ्याकडे काटा वेळेवर आलाच नाही. तुम्ही पाहायला आलात तेवढा आला. मग मागच्या वजनात थोडं घालून लिहायचं. बाळ काय, वाढतंच ना.”

ह्यांनी पोरीला दुपट्यात गुंडाळलं, शिंप्याला म्हणाले, “चला,” आणि रिक्षा करून तिला हॉस्पिटलात घेऊन गेले. चप्पल घालायचीही विसरले. मोठ्या बाई बाकीच्या बाळांची वजनं करत राहिल्या, एकेक वजन दोनदा बघून.

तोवर माझ्या डोक्यात फक्त माझी सही होती, माझा पगार होता, त्या कारकुनाचं ते सौम्य बोलणं होतं. त्या दिवसापासून चिंता बदलली. कमी झाली म्हणत नाही. बदलली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बुधवारीच, आरोग्य खात्याचे साहेब स्वतः घरी आले. बरोबर तो सभ्य शिपाई. ह्यांनी सवयीने चहाचं विचारलं, शिपाई जमिनीकडे पाहत नको म्हणाला. साहेब दुपटी चुकवत, बाळं चुकवत टेबलाशी आले आणि एक टाइप केलेला कागद पुढे केला.

“बाई, तुम्हाला त्रास नको म्हणून मीच लिहून आणलंय. ‘तपासणीत चार वजनकाटे नादुरुस्त आढळल्याने मोडीत काढले.’ खाली सही करा. काटे गेले, पावत्या गेल्या, नोटीस गेली.”

“आणि केंद्रांना नवे काटे?”

“ते काय, पाच वर्षांनी खरेदी निघेल तेव्हा अर्ज करतील.”

“सही कर,” हे माझ्या कानाशी म्हणाले. “सुटशील.”

“वहिनी, सही करा,” दारातून विमावाले म्हणाले. ते कधी आले कुणास ठाऊक.

मी पेन उघडलं. खरं सांगते, सही करायचीच होती. नाव लिहायला हात टेकला आणि मला आमच्या मोजणीचा नियम आठवला. पुस्तक रद्द करायचं असेल तर ते आधी हातात घ्यायचं. पानं फाटलीत का बघायचं. मी एवढ्या वर्षांत न पाहिलेलं एकही पुस्तक रद्द केलं नव्हतं. आता न पाहिलेले चार काटे कसे मोडीत काढू?

मी साहेबांचा कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं : ‘मला एकच वजनकाटा पाच वेळा मिळाला. तो पाच केंद्रांना पुरत नाही.’ खाली सही. सोबत माझी वही. कुठल्या वारी कुठल्या केंद्राची किती बाळं याच एका काट्यावर तोलली, तीन आठवड्यांचा सगळा हिशोब.

साहेबांनी ते तीनदा वाचलं. “बाई, हे मी कुठल्या रकान्यात बसवू?”

“ते तुम्ही बघा.”

“नुसत्या तुमच्या म्हणण्याला कोण विचारतो? नर्सांची पत्रकं माझ्याकडे आहेत. पाच केंद्रं, पाच काटे, दर आठवड्याची वजनं.”

मोठ्या बाईंच्या हातात तेव्हा एक बाळ होतं. त्यांनी ते ह्यांच्याकडे दिलं, पदराने हात पुसले आणि माझ्या हातातून पेन घेतलं.

“माझी पत्रकं खोटी आहेत,” त्या म्हणाल्या. “चार महिन्यांची तर बहुतेक सगळी. कुठे लिहू, ताई?”

“बाई, नोकरीची दोन वर्षं राहिलीत तुमची,” साहेब म्हणाले.

“म्हणून तर. अजून दोन वर्षं मला बाळांची वजनं करायचीत.”

त्यांनी माझ्या सहीखाली सही केली. मग शिपाई पुढे आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘पाचही वेळा मीच आणला.’ साहेब कागदाची घडी करून निघून गेले. जिन्यातून त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

तो कागद साडेसात महिने फिरला. तो कुणाला फाइलही करता येईना आणि फाडताही येईना. माझ्या पगारातून पाच महिने कपात झाली. रोज मी ठरवायचे की आता जाऊन माफी मागावी, आणि रोज कुणीतरी बाळ घेऊन जिना चढत यायचं. नोव्हेंबरात एका सकाळी हातगाडीवरून चार नवे कोरे वजनकाटे आले. आले अर्थातच आमच्या घरी, कारण सगळ्या कागदांवर काट्यांचा पत्ता तोच होता. शिपायाने ते चारही एकदम वर आणले, एका रांगेत मांडले, आणि मी प्रत्येकाला हात लावून बघेपर्यंत पावती मागितली नाही.

आता कुणाचं काय झालं ते सांगून टाकते.

साहेबांना बढती मिळून ते अग्निशमन खात्यात गेले. तिथे बादल्या किती होत्या ते मी विचारायला गेले नाही. शिपायाने नोकरी सोडून सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. मोठ्या बाईंची एक वेतनवाढ कापली गेली. निवृत्त झाल्या त्या दिवशी बुधवार नव्हता, तरी त्यांनी पुढच्या बुधवारी येऊन सगळी बाळं तोलली आणि मगच घरी गेल्या. विमावाल्यांनी अखेर माझाच विमा उतरवला. त्याची मुदत संपली, मी अजून आहे, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत असावं. माझी कापलेली रक्कम परत मिळाली, लेट मार्क मात्र राहिले. एकतीस बाबींपैकी बाकीच्या तीस कुणीही तपासल्या नाहीत. मी तपासणार होते, पण कधी कुणाचं लग्न, कधी कुणाचं ऑपरेशन, कधी कुणाची परीक्षा. शाळेपुढून जाताना अजून माझी नजर कठडा शोधते आणि पुढे रस्ताभर मला स्वस्थ वाटत नाही.

ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटी शेवटी दृष्टी अगदी गेली होती, पण कुणी बाळ मांडीवर दिलं की अचूक वजन सांगायचे. नातेवाईक खास ऐकायला यायचे. काट्यावर ताडून पाहिलं तर ते कधी एकदाही चुकले नाहीत, हे मी त्यांना हयातीत सांगायला हवं होतं.

आणि शिंप्याची नात. ती हॉस्पिटलात सव्वा महिना होती. पुढे आमच्या टेबलावर सात किलो भरली तेव्हा आजोबांनी सगळ्या बाळांना झबली शिवून वाटली, मापं न घेता, त्यामुळे एकालाही बसली नाहीत. आज ती लिफ्ट दुरुस्त करते. गेल्या महिन्यात आमच्या नव्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, तर अवजारांची जड पेटी खांद्यावर टाकून पाच मजले चढून आली, तेही गाणं गुणगुणत. दंड असे भरदार की मी बघतच राहिले. “काय बघता, आजी?” तिने विचारलं. “काही नाही गं,” मी म्हटलं. तिचं वजन इथे लिहायला मला फार आवडलं असतं. पण मी ते काट्यावर पाहिलेलं नाही, आणि अंदाजाने लिहायचं नाही.